पह्यले पानी पी, मंग भांड

बुऱ्हाणपूरला लालबागच्या स्टेशनावर उतरले आणि सवयीने टांगेवाल्याला म्हणाले, "इतवारा. आक्काकडे."

टांगेवाला नवा होता. त्याने मला वरून खालपर्यंत एकदा पाहिलं, विडी फेकली आणि मी नीट बसायच्या आत घोड्याला चाबूक ओढला. शनवारा दरवाजाशी गर्दी होती. तिथे हा गृहस्थ उभा राहून ओरडायला लागला, "हटो, हटो! बाई को आक्का के यहाँ ले जा रहा हूँ!" आणि माणसं हटली की! एका हातगाडीवाल्याने गाडी भिंतीला लावली. एक म्हातारी माझ्याकडे बघून पुटपुटली, "सुखानं सुटू दे वं माय हिले."

"अहो, सावकाश चालवा! एवढी घाई कसली?"

"घबराओ मत, बाई. अभी पहुँचाता हूँ. पहला है क्या?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी लग्न केलेलं नाही, करणारही नाही, आणि त्या दिवशी माझ्या पोटात भुसावळच्या चहाखेरीज काही नव्हतं. मी हे त्याला सांगितलं तेव्हा तो इतका खट्टू झाला की उरलेला सगळा रस्ता त्याने घोडं पावलापावलाने चालवलं.

बुऱ्हाणपुरात हल्ली 'आक्काकडे' म्हणजे इतवाऱ्यातली बाळंतिणीची खोली. मी म्हणत होते ते गोदाक्काचं घर. ती दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही तोंडातून तेच आलं, कारण त्या स्टेशनावर उतरून मी दुसरं काही कधी बोललेच नव्हते.

मी बुऱ्हाणपूरला पहिल्यांदा आले तेव्हा वीस वर्षांची होते. काखेत पत्रकांचा गठ्ठा. 'बाळंतीण की कैदीण?' असं त्या पत्रकाचं नाव, आणि ते मीच लिहिलेलं. उद्गारचिन्हं जरा जास्त होती. मुद्दा मात्र एकही खोटा नव्हता, आजही नाही. ज्या देशात गोठ्याला झरोका ठेवतात आणि बाळंतिणीच्या खोलीचा झरोका चिंध्यांनी बुजवतात, त्या देशाला स्वराज्य मागायचा काय अधिकार, असं मी त्यात विचारलं होतं. आमच्याच पुढाऱ्यांना ते आवडलं नाही. न आवडो.

एकटी, अविवाहित, पत्रकं वाटत फिरणारी मुलगी घरात कोण ठेवून घेणार? दोन घरांनी दारातूनच वाटेला लावलं. तिसऱ्या घरी कुणीतरी म्हणालं, इतवाऱ्यात गोदाक्का माडीवरची खोली भाड्याने देते, तिला कुणाचंच काही वाटत नाही.

ती उंबऱ्यावर बसली होती, एक पाय घरात, एक रस्त्यावर. पुढे पाहिलं, तिची बसायची तीच रीत. घरातलं ऐकू येतं आणि रस्त्यावरचं दिसतं, म्हणायची. रुंद हाडाची, सावळी, कपाळ कोरं, चिमटीत तपकीर. नवऱ्याचा कलाबतूचा, जरीच्या तारेचा, धंदा होता. तो गेल्यावर खालचं दुकान भाड्याने दिलेलं, घरात ही एकटी.

"कोठली वं तू?"

"अमळनेरची. मी स्त्रियांच्या आरोग्याच्या—"

"पह्यले पानी पी."

"आधी माझं काम तर ऐकून घ्या—"

"पानी पी. मंग भांड."

"मी भांडायला आलेले नाही!"

"तोंडावरून तं तसं वाटत नही," ती म्हणाली आणि तांब्या पुढे केला.

त्या दिवसापासून माझं नाव गेलं आणि मी 'अमळनेर' झाले. ती सगळ्यांनाच गावाच्या नावाने हाक मारायची. खालचा दुकानदार 'खकनार', दूधवाली 'शहापूर'. एकदा तपासाला आलेल्या फौजदारालाही तिने "या, होशंगाबाद" म्हणून बसवलं होतं आणि तो मुकाट्याने बसला होता, पाणीही प्याला होता.

पाण्यावाचून तिच्या घरात कुणाला तोंड उघडता यायचं नाही. भाडं द्यायला आलेला असो, वसुलीला आलेला असो, शेजारणीची चहाडी घेऊन आलेली असो, आधी तांब्या. आणि पाणीसुद्धा कुठलंही नाही. बुऱ्हाणपूरला बादशाही काळापासून डोंगराचं पाणी जमिनीखालून येतं. वर ओळीने गोल विहिरी आहेत, त्यांना कुंड्या म्हणतात. नळ गल्लीत आला होता तरी आक्का गाडीवाल्याकडून कुंडीचं पाणी आणवायची. उन्हाळ्यात तिच्या ओसरीवर माठांची रांग असायची आणि रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाच्या चालीवरून तिला कळायचं याला तहान आहे की नाही. "ओ भाऊ, तू! हां, तूच! पेऊन जाय!" तो माणूस आपण काय गुन्हा केला म्हणून घाबरून उभा राहायचा.

मला हा सगळा पुण्य कमावायचा सोस वाटायचा. तोंडावर म्हणालेही. ती म्हणाली, "पुन्यबिन्य नही वं. सवय लागेल हाय."

तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात पाहते तर लोणच्याच्या बरण्यांची तोंडं माझ्या पत्रकांनी बांधलेली! एका बरणीवर 'कैदीण' शब्द आणि त्यावर सुतळीची गाठ. मी जी काही भडकले!

"हा काय प्रकार आहे? रात्र रात्र जागून लिहिलंय ते!"

"कागद चांगला हाय तुझा. तेल पेत नही."

"तुम्हाला वाचता येत नाही म्हणून—"

"म्हनून काय? येत नही तं वाचून दाखव. एवढी बोंब मारतीस, त्यात हाय काय ते तं समजू दे."

मी चुलीशी बसून वाचायला लागले. ती डाळ निवडत होती. अंधाराचं वाचलं, कोंडलेल्या धुराचं वाचलं, विळ्याने नाळ कापण्याचं वाचलं. ती निवडत राहिली. मग मी वाचलं: 'बाळंतिणीचे पाणी तोडू नका. ती मागेल तितके उकळून गार केलेले पाणी तिला द्या. पाणी तोडल्याने ताप टळत नाही. जीव जातो.'

तिचा हात सुपात थांबला.

"परत वाच. पान्याचं."

परत वाचलं. तिने तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग उठली, बरण्यांवरचे कागद एकेक करून सोडले, पदराने पुसले आणि त्या जागी जुनी फडकी बांधली. ती गप्प बसली की घर ओळखू येत नसे.

"अमळनेर," शेवटी म्हणाली, "आखाजी चार दिसावर हाय. तितलं राहून जाय."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात आणि तापीकाठी तो दिवाळीहून मोठा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधतात. आणि त्याच सकाळी घरोघरी पितरांसाठी घागर भरतात: मातीची लाल घागर, तोंडावर लहानगं भांडं, त्यावर डांगर म्हणजे आमचं खरबूज, आंबा, सांजोरी. वैशाखाच्या उन्हात मेलेल्यांची तहान भागावी म्हणून.

आक्काच्या घरी दोन घागरी भरल्या. एक नवऱ्याच्या कुळाची, ती देवघरापुढे राहिली. दुसरी तिने डोक्यावर घेतली आणि मला म्हणाली, "चाल."

राजघाटाच्या पायऱ्या उतरलो. तापी आटून मधल्या धारेपुरती उरली होती. तिथे हुसेनची होडी. हुसेन आक्काच्याच वयाचा, दाढी पांढरी, आणि तिच्याशी भांडण्यावाचून त्याचा सण होत नसे.

"आ गई? इस साल भी?"

"का? तू मरशील वाटलं व्हतं, म्हनून आली पहायले."

"बेगम तो कब की आगरे चली गई, आक्का. वहाँ इत्ता बड़ा महल है उसका. यहाँ खाली जमीन को पानी पिलाती हो."

तेव्हा मला समजलं की दुसरी घागर कुणाची. पलीकडे जैनाबादेत पडक्या बागेत एक जागा आहे. बादशहाची बेगम बुऱ्हाणपुरात बाळंत होताना वारली, तिला आधी तिथे पुरलं होतं, मग आग्र्याला नेलं. इतवाऱ्यातली एक हिंदू विधवा दरसाल मोगलांच्या राणीसाठी आखाजीची घागर घेऊन नदी ओलांडत होती!

आता मी गप्प बसते की काय? भर होडीत सुरू केलं. "आक्का, हे काय चाललंय? मेलेल्या राणीला पाणी, आणि जिवंत बाळंतिणीच्या तोंडचं पाणी तोडायचं! हेच तर मी—"

तिने कमरेचा तांब्या सोडला. "हुसेन, ओंजळ कर." त्याने वल्हं मांडीखाली दाबून ओंजळ धरली आणि तिने वरून धार सोडली. तो पोटभर प्याला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पह्यले जित्याचं असते. मंग मेल्याचं. तुले कोन सांगतलं की मले समजत नही?"

"वरून ओतता," मी म्हणाले. तेही सोडवलं नाही. "तांब्या हातात दिलात तर बाटेल वाटतं!"

हुसेन हसला. आक्का हसली नाही. "तू लई बोलतीस," म्हणाली, "पन खोटं नही बोलत." पण तांब्या तिने शेवटपर्यंत कधी त्याच्या हातात दिला नाही, हेही लिहून ठेवते. तिला देवी करायला मी बसलेले नाही.

जैनाबादच्या त्या जागी सावलीला एक भिंत उरली होती. तिने घागर ठेवली, आंबा ठेवला, हात जोडले आणि तिथेच पाय पसरून बसली. मग सांगितलं. रडली नाही, डाळीतले खडे काढावेत तसं एकेक वाक्य काढून ठेवलं.

तिला एकच मुलगी होती, यमुना. पहिलं बाळंतपण माहेरचं म्हणून आणली. मागल्या खोलीत खाट टाकली, झरोका बुजवला, शेगडी ठेवली. मुलगा झाला, तो त्याच रात्री गेला. यमुनेला ताप चढला. ती पाणी मागायला लागली. सुईण म्हणाली पाणी तोडा. घरातल्या जाणत्या बायका म्हणाल्या पाणी तोडा. आक्काने पाणी तोडलं.

"तीन दिवस 'पानी दे वं माय' म्हने. मी कापूस ओला करून होटाले लावू. तांब्या हातात व्हता माह्या. भरेल व्हता."

मी विचारलं, "मग घागर तिची का नाही भरत? इतक्या लांब, परक्या बाईची का?"

"लेकीची घागर सासरचे भरतेत. दिली की तिचं कूळ दुसरं. माय भरू शकत नही." तपकिरीची डबी तिने उघडली आणि तशीच मिटली. "जावई दुसरी करून बसला. भरत असन का नही, कोन जाने. हिचं बरं हाय. हिच्या घागरीवर कोनाचा हक्क नही. कोन मले 'तू कोन' म्हनून पुसत नही. आन जिथं जीव गेला तिथंच तहान राहते वं, आग्र्याले काय हाय?"

परत येताना हुसेन तिच्याशी भांडला नाही. त्याला हे सगळं आधीपासून ठाऊक असणार.

त्या वर्षापासून मी दर आखाजीला बुऱ्हाणपूरला यायला लागले. मला आई नव्हती, माहेर म्हणून कुठे जायची सोय नव्हती. पण त्यासाठी मी येत असे असं मी तेव्हा कबूल केलं नसतं. मी कामाला येत असे. काम एकच होतं: इतवाऱ्यात एक खोली हवी. उजेडाची, खिडकीची, पाण्याची; आणि खंडव्याहून शिकलेली नर्स बोलवायची. नर्स तयार होती. खोलीही होती. धर्मशाळेची रस्त्याकडची खोली वर्षातले अकरा महिने कुलपात असायची. धर्मशाळा ज्या शेटजींची, त्यांच्याकडे मी दोन वर्षं हेलपाटे घातले. ते मला सुपारी द्यायचे आणि म्हणायचे, "विटाळाचं काम आहे बाई. धर्मशाळेत देव आहे." मी विचारलं, देवाला कुणी जन्म दिला नव्हता का? तेव्हापासून सुपारीही बंद झाली.

मी पत्रक काढलं. जळजळीत. शेटजींनी बंब पेटवायला वापरलं, असं ऐकलं.

आक्का म्हणाली, "तुझ्या कागदानं व्हत नही ते. आखाजी येऊ दे."

"आखाजीने काय होणार?"

"पह्यले पानी पी."

त्या खेपेला मी महिनाभर आधीच आले होते. महिनाभर ती दुपारची कुठे कुठे जायची ते मला सांगेना. उंबऱ्यावर बसणारी बाई घरोघरचे उंबरे झिजवायला लागली. आखाजीच्या सकाळी मी माडीवरून खाली आले तर रस्त्यात बायका. दहा, वीस, मागून अजून येताहेत. प्रत्येकीच्या डोक्यावर घागर. कुणी रडत नव्हतं, कुणी गात नव्हतं. आक्का पुढे, डोक्यावर घागर, आणि मी पाहिलं, या खेपेला तिने नदीची वाट धरली नाही.

धर्मशाळेची खोली लग्नसराईच्या पाहुण्यांसाठी नुकती उघडली होती. बायका आत शिरल्या आणि भिंतीला लावून घागरी मांडायला लागल्या. आक्काने पहिली ठेवली आणि मोठ्याने म्हणाली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "माही यमुना. माह्या घरात मेली. पानी मांगत मेली."

मग दुसरी. "माही सरू." मग तिसरी. ज्या लेकी माहेरी बाळंत होताना गेल्या, ज्यांची घागर भरायचा आईला हक्क नाही, त्या सगळ्यांच्या घागरी होत्या. एकेक नाव. काही नावं त्या घरांत कित्येक वर्षांत कुणी उच्चारली नव्हती.

शेटजी धावत आले. "हे काय? उचला! कुणी सांगितलं? उचला हे सगळं!"

"तुमी उचला," आक्का म्हणाली.

आता आखाजीची भरलेली घागर कोण उचलणार? पितरांचं पाणी लाथेने सांडायची छाती तापीकाठी कुणाची नाही. शेटजींनी मुनीमाकडे पाहिलं, मुनीमाने गड्याकडे पाहिलं, गड्याने आभाळाकडे पाहिलं.

"अहो पण हे काय शास्त्र झालं? लेकीची घागर माहेरी भरतात का? हे अशास्त्र आहे!"

"व्हय," आक्का म्हणाली. "पाप लागन तं मले लागन. तुमी कायले भेता?"

"ठेवणार किती दिवस?"

"पानी आटेपर्यंत. आन आटलं की आमी परत भरू."

शेटजी मोजल्यासारखे रांगेकडे बघत होते. दाराशी शेवटची एक घागर जरा वेगळी होती, तांब्याची, वर रेशमी रुमाल. "ही कुणाची?" त्यांनी विचारलं. आक्का म्हणाली, "तुमच्याच घरची हाय. आत जाऊन पुसा."

शेटाणी मागल्या दारातून येऊन ठेवून गेली होती. त्यांची थोरली मुलगी अशीच गेली होती. गावाला आठवत होतं. शेटजींना आठवायला लावावं लागलं. ते खोलीत शिरले, त्या घागरीपाशी गेले, वाकले. उचलतात असं मला वाटलं. त्यांनी रुमाल नीट केला आणि बाहेर गेले. किल्ली मुनीमाने आणून दिली. पावसाळ्याच्या आधी भिंत फोडून खिडकी पाडली. पहिली बाळंतीण आली ती एका विणकराची बायको. आक्का तिच्या उशाशी तांब्या घेऊन बसली होती. ती बाई शेवटी वैतागून म्हणाली, "आक्का, पुरं वं आता, पोट फुटन!" आक्काला इतकं हसताना मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

मग मला पकडलं, सुटल्यावर जिल्ह्याबाहेर काढलं. बुऱ्हाणपूर ज्यात येतं त्या निमाड जिल्ह्यात पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम. मी भुसावळकडे काम करत राहिले. तिथेही तापी आहे. बुऱ्हाणपुरावरून आलेलीच. संध्याकाळी काठावर उभी राहिले की वाटायचं, हे पाणी परवा राजघाटावरून निघालं असेल. हुसेनच्या वल्ह्याखालून आलं असेल. माझ्यासारख्या बाईने असं काही मनात आणू नये. आणत होते. लोक काशीला जाऊ दे म्हणतात. मी सरकारकडे आठ वर्षं इतवाऱ्याला जाऊ दे म्हणत होते आणि सरकारला वाटत होतं यात काहीतरी कट आहे. आक्का गेल्याची बातमी बुऱ्हाणपूरच्या एका कार्यकर्त्याने भर सभेत, भाषणाच्या आधी, कानात सांगितली. मी भाषण केलं. काय बोलले ते कुणीही मला सांगू नये.

यंदा हुकूम उठला आणि मी आखाजीच्या आदल्या दिवशी येऊन पोचले.

खोली आहे. चुना लावलेली, खिडकी उघडी, दोन खाटा भरलेल्या. दारावर संगमरवरी पाटी, तिच्यावर शेटजींचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, उद्घाटन करणाऱ्या साहेबाचं नाव. गोदाक्काचं नाव कुठेच नाही. मी नर्सबाईंना खडसावलं. "ही पाटी कुणी लावली? ज्याने दोन वर्षं मला सुपारी चारली त्याचं नाव, आणि—"

नर्सबाई म्हणाल्या, "पाटी बाहेर आहे, बाई. वाचतं कोण? मघाशी टांगेवाल्याने तुम्हाला कुठे आणून सोडलं?"

तरी पाटी बदलली पाहिजे, या मतावर मी आहे.

खाटेवरच्या मुलीच्या उशाशी तांब्या होता. भरलेला. मी हात लावून पाहिला.

सकाळी बायकांनी खोलीच्या पडवीत रांगेने घागरी मांडल्या. हे आता दरसाल होतं. रांगेत नव्या नावांच्या घागरी कमी दिसल्या. मी मोजल्या नाहीत. मोजायचं धाडस झालं नाही. पण तिकडे पलीकडे जैनाबादला कोण जातं, म्हणून विचारलं तर कुणालाच माहीत नाही. मग मी बाजारातून घागर आणली, कुंडीच्या पाण्याने भरली आणि राजघाटावर गेले. माझा यावर विश्वास नाही. मेलेल्यांना तहान लागत नाही. हे मी पत्रकात लिहून छापलेलं आहे.

हुसेन होडीतच होता. खूप वाकला होता. त्याने आधी घागर ओळखली, मग मला.

"आ गई, अमळनेर?"

आठ वर्षांत मला कुणी त्या नावाने हाक मारली नव्हती. मी होडीत बसले.

"आक्का के बाद कोई नहीं लाया," तो म्हणाला. "मैं खाली कश्ती लेके जाता था आखाजी को. उस पार. फिर लौट आता था."

मधल्या धारेत त्याचं वल्हं थांबलं. तो काही मागत नव्हता. नुसता थांबला होता, सवयीने. आणि मग मला आठवलं, मी तांब्या आणला नाही. निराळं पाणी आणायला विसरले. जवळ होती ती बेगमेची घागर.

मी वरचं भांडं उचललं, घागरीत बुडवलं आणि सरळ त्याच्या हातात द्यायला गेले. त्याने हात मागे घेतला आणि ओंजळ धरली.

"ऊपर से डालो, बेटी. आक्का जैसे."

मला ते पटलं नाही. अजूनही पटत नाही. पण मी वरून ओतलं. तो प्याला आणि पुन्हा ओंजळ धरली. पलीकडे पोचलो तेव्हा घागर अर्धी झाली होती. त्या भिंतीच्या सावलीत मी ती ठेवली, बेगमेसाठी की यमुनेसाठी की कुणासाठी ते ठरवलं नाही, आणि आक्का बसायची तिथे पाय पसरून बसले.

ती मला शेवटची दिसली ती लालबागच्या स्टेशनावर. चौकात भाषण केलं म्हणून मला खंडव्याला नेत होते. बायकांच्या डब्यात खिडकीला गज, बाहेर हवालदार. गाडी सुटायची वेळ झाली आणि फलाटाच्या गर्दीतून ती आली, वैशाखाच्या भर दुपारी, इतवाऱ्यापासून पायी, कमरेवर कळशी. मी गजाला धरून ओरडायला लागले, "आक्का, खोलीची किल्ली परत देऊ नकोस! शेटजी म्हणतील पाहुणे आलेत, ऐकायचं नाही! नर्सबाईंना सांग की—"

"पह्यले पानी पी."

"ऐक ना! वेळ नाही!"

"बाई, पीछे हटो," हवालदार म्हणाला.

"तुले बी देते, नागपूर. थांब. पह्यले कैदीन."

मी गजांतून दोन्ही हात बाहेर काढून ओंजळ धरली. तिने कळशी उचलून धार सोडली. अर्धं पाणी कोपरावरून लुगड्यावर, पण गार होतं, कुंडीचं होतं. मी प्यायले. पुन्हा ओंजळ धरली. गाडी हलली. ती बरोबर चालायला लागली, मग पळायला लागली, त्या वयात, कळशी तशीच तिरपी धरून, धार माझ्या हातांवर, मग बोटांवर, मग बोटांच्या मागे.

वळणावर गजाला गाल लावून मागे पाहिलं. फलाट संपला तिथे ती उभी होती. कळशी अजून सरळ केली नव्हती. पाणी पडत होतं.